ख्रिस्ती कीर्तन आणि पंगतीचा प्रश्न

ख्रिस्ती धर्माच्या भारतीयीकरणाविषयी मराठीत जेव्हा बोलले जाते तेव्हा दोन नावे हटकून घेतली जातात : फादर थॉमस स्टीफन्स आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक. एकाने ख्रिस्ताची कथा ओवीत आणली, दुसऱ्याने त्याची भक्ती अभंगात आणली. परका धर्म मराठी मातीत रुजला तो यांच्यामुळे, असा निष्कर्ष काढून चर्चा संपते. माझा प्रश्न तेथून सुरू होतो. माती कुणाची? गावकुसाच्या आतली की बाहेरची? संदेश लोकांच्या भाषेत, लोकांच्या रीतीने सांगितला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण ज्या समाजात सगळे लोक एका पाणवठ्यावर कधी आलेच नाहीत, तेथे कुणाची रीत उचलली हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो.

स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे काव्यगुण मी नाकारत नाही. मराठीवर इतके प्रेम करणारा परदेशी माणूस विरळा. पण ग्रंथ कोणत्या गरजेतून जन्मला ते पाहावे. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली, जुन्या पोथ्या बंद झाल्या. नवख्रिस्ती माणसाला पोथीची उणीव जाणवू लागली. 'क्रिस्तपुराणा'त पाद्रीगुरूजवळ पुराण मागणारा श्रोता ब्राह्मण आहे, हा योगायोग नव्हे. पुराण ऐकण्याची ज्याला सवय होती त्याची पोकळी भरून निघाली. पुराणाच्या मंडपात ज्याला कधी बसूच दिले नव्हते त्याची पोकळी कोणी मोजली? पुढे गोव्याच्या चर्चमध्ये बामण, चारडो, सुदीर हे भेद शतकानुशतके टिकले. ओवी बाटली नाही आणि जातही बाटली नाही.

त्याच काळात तामिळ देशात याहून उघड प्रयोग चालला होता. रॉबर्ट दी नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुराईस आला. त्याने भगवी वस्त्रे घातली, मांसाहार सोडला, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला, तामिळ व संस्कृत शिकला. हे सारे संदेश पोचावा म्हणून. पण उच्चवर्णीयांपर्यंत पोचायचे म्हणून त्याला खालच्या जातींच्या ख्रिस्ती बांधवांपासून दूर राहावे लागले. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मांतरितांना जानवे आणि शेंडी ठेवायला परवानगी दिली. खालच्या जातींसाठी वेगळे धर्मोपदेशक नेमण्याची पद्धतही पुढे आली. संस्कृतीशी जुळवून घेणे म्हणतात ते हे असेल, तर त्यात जातीशी जुळवून घेणे आपोआप येते. जानवे ही 'संस्कृती' ठरते. जानवे ज्याला नाकारले त्याचे दुःख मात्र संस्कृतीच्या हिशेबात धरले जात नाही.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले आणि पुढे तेथे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते महार आणि मांग. याच नगरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यासाठी घेतले जाते. नारदाच्या गादीवर उभे राहण्याचा अधिकार ज्याच्या सात पिढ्यांना नव्हता, त्याने हातात चिपळ्या घ्याव्यात, पूर्वरंग मांडावा, आख्यान लावावे आणि माणसांनी खाली बसून ऐकावे, ही साधी गोष्ट नव्हती. तिच्यातला विद्रोह मी कमी लेखणार नाही.

परंतु आख्यान कशाचे होते? एका चर्चच्या आवारात मी उधळ्या पुत्राचे कीर्तन ऐकले आहे. कीर्तनकाराचा गळा गोड होता, बाप धावत येऊन मुलाला मिठी मारतो तेथे म्हाताऱ्या बायांचे डोळे पाणावले. मी मात्र अडलो त्या आधीच्या प्रसंगावर. मुलगा बापाकडे आपला वाटा मागतो आणि उधळून टाकतो. समोर बसलेल्यांच्या बापांकडे वाटून घ्यावे असे काय होते? ज्यांना कधी वाटाच मिळाला नाही त्यांना उधळेपणाचा पश्चात्ताप शिकवला जात होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांविषयी लिहिताना नेमके येथेच बोट ठेवले आहे. तुझी अधोगती अन्यायी समाजरचनेमुळे झाली असे त्याला सांगितले जात नाही, ती तुझ्या पापामुळे झाली असे सांगितले जाते, हा त्यांचा आक्षेप आहे. पूर्वजन्मीचे कर्म गेले आणि आदिपाप आले. चाल मराठी, ताल मराठी. आरोप मात्र पुन्हा गरिबावरच. माध्यम कितीही आपले असले तरी त्यातून वाहणारा आशय आपल्यालाच दोषी ठरवत असेल तर त्या आपलेपणाचा उपयोग काय?

टिळकांचा विचार करताना थोडे थांबावे लागते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे सांगत असे. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्याने 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांनाही घेतले. त्याचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. पण ज्या वारकरी परंपरेचा आधार त्याने घेतला, तिच्यात चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिला. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. अभंग घेताना तो उंबरठाही सोबत येतो. तो ओलांडायचा तर कुणीतरी अभंगाशी भांडण मांडायला हवे होते. ते भांडण टिळकांच्या भक्तीत मला दिसत नाही.

असे भांडण मांडले जलशांनी. सत्यशोधक जलशांनी आणि १९३० नंतर भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, पण जसाच्या तसा पाळला नाही. गण-गवळण, बतावणी यांतून श्रोत्याला हसवत हसवत त्याच्या गुलामीचे कारण दाखवले. रूप लोकांचे होते आणि प्रश्नही लोकांचेच होते. कीर्तन आणि जलसा यांतला हा फरक केवळ शैलीचा नाही.

ख्रिस्ती विचारविश्वातही हे भान पुढे आले, हे नमूद केलेच पाहिजे. मराठी मुलखातले अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरला केलेल्या भाषणात शूद्र धर्मशास्त्राची मागणी केली. 'भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र' म्हणून जे मिरवले जाते ते ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी बोलत बसले, चर्चमधल्या बहुसंख्य दलितांशी बोललेच नाही, ही त्यांची टीका होती. मदुराईच्या धर्मविद्यालयात शिकवणारे जेम्स थिओफिलस अप्पावू यांनी उपासनेत कर्नाटक संगीताऐवजी खेड्यातली गाणी आणि परै हे वाद्य आणले. परै म्हणजे तिकडची हलगीच म्हणा. मेलेल्यापुढे वाजवायची म्हणून अपवित्र ठरलेली.

येथे एक धोका आहे. हलगी आपली म्हणून ती वेदीपुढे आणली की प्रश्न सुटला, असे नाही. हलगी हे आपल्या माणसाचे कसब होते, तशीच ती वेठही होती. कितीतरी घरांनी ती हट्टाने खुंटीला टांगली आणि त्यांचा तो निर्णय योग्यच होता. कुणा पाद्र्याने अस्सलपणाच्या हौसेने ती पुन्हा त्यांच्या गळ्यात अडकवू नये. वाजवायची की नाही हे वाजवणाऱ्याने ठरवावे. सक्तीची हलगी आणि स्वेच्छेची हलगी यांचा आवाज कानाला सारखा लागेल, अर्थ सारखा नाही.

मग अशा प्रयोगांची कसोटी कोणती? भारतीय वाटते का, मराठी वाटते का, ही कसोटी अपुरी आहे. जानवेही भारतीयच आहे. माझी कसोटी पंगतीची आहे. कीर्तन संपल्यावर कोण कुणाशेजारी बसतो? सोयरीक कुठे जुळते? प्रेत कुठे पुरले जाते? तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांच्या कबरी भिंत घालून वेगळ्या केल्या गेल्या, तेथे उपासना मातृभाषेतच चालत होती.

अप्पावूंनी एकाच हंडीतले अन्न सर्वांनी वाटून खाण्याची कल्पना प्रभुभोजनाशी जोडली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. एक भाकर मोडून वाटणे, एका पेल्यातून पिणे. ज्या देशात पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, तेथे याहून धक्कादायक रीत दुसरी कोणती? ती ख्रिस्ती धर्माजवळ पहिल्यापासून होती. तिच्यासाठी ओवी, अभंग, भगवे वस्त्र काहीच उसने आणायला नको होते. ती खऱ्या अर्थाने पाळायला मात्र जात सोडावी लागते, आणि जात सोडण्यापेक्षा चाल बदलणे केव्हाही सोपे असते.