पेप्टाइडांचा शोध: संख्येचा मोह, रसायनाचे बळ

एखाद्या प्रथिनाला घट्ट चिकटणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, हवे असले, की संशोधक आजवर बहुधा जीवशास्त्राकडेच वळत आले. जॉर्ज स्मिथ यांनी 1985 मध्ये जिवाणूंना ग्रासणाऱ्या फाज विषाणूच्या पृष्ठभागावर पेप्टाइडे उमटवून दाखवली आणि 2018 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. नंतरच्या एमआरएनए डिस्प्ले तंत्राने तर दहा लाख कोटींपर्यंतचे संग्रह चाळता येऊ लागले. दोन्ही तंत्रांत प्रत्येक पेप्टाइडाला त्याचा जनुकीय मजकूर जोडलेला असतो. शेवटी मोजकेच रेणू हाती लागले, तरी त्या मजकुराच्या प्रती वाढवून तो वाचता येतो.

दुसरी वाट मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजून त्यांची ओळख पटवण्याची. तिथे ही सोय नाही. इथे पेप्टाइडे प्रयोगशाळेत रसायनाने घडवलेली असतात. राळेचे बारीक मणी वेगवेगळ्या भांड्यांत वाटायचे, प्रत्येक भांड्यात निराळे अमिनो आम्ल जोडायचे, सगळे मणी पुन्हा एकत्र करून पुन्हा वाटायचे. असे केल्यावर प्रत्येक मण्यावर एकच क्रम तयार होतो. मग पेप्टाइडे मण्यांवरून सोडवून द्रावणात आणायची, चुंबकी कणांवर बसवलेल्या प्रथिनासमोर ठेवायची, न चिकटलेली धुऊन टाकायची आणि उरलेल्यांचे यंत्रात तुकडे करायचे. तुकड्यांच्या वस्तुमानांतील फरकांवरून अमिनो आम्लांचा क्रम कळतो. मिश्रणातून असे रेणू निवडण्याचा विचार 1992 पासूनचा आहे. त्याला खरा वेग आला तो संवेदनशील यंत्रे हाताशी आल्यावर.

एमआयटीतील ब्रॅड पेंटेल्यूट यांच्या गटाने 2020 मध्ये या रीतीने दहा कोटी पेप्टाइडांचा संग्रह चाळला. तोवर कृत्रिम संग्रहांची नेहमीची मजल दहा लाखांच्या आसपास होती. ही शंभरपट वाढ मोठीच आहे. तरीही या क्षेत्रात आकड्याला मिळणारा मान मला पटत नाही. नऊ जागा आणि प्रत्येक जागी अठरा पर्याय धरले, तर शक्य क्रम होतात सुमारे 19,800 कोटी. म्हणजे दहा कोटींचा संग्रह त्यांतल्या दोन हजारांत एकालाच स्पर्श करतो. शिवाय संग्रह जितका फुगवावा, तितका प्रत्येक पेप्टाइडाचा वाटा घटतो. एकूण सांद्रता एक मिलिमोलर असेल, तर दहा कोटींपैकी एकाच्या वाट्याला दहा पिकोमोलर येते. ही शर्यत जनुकीय तंत्रांशी खेळून जिंकता येणार नाही.

या तंत्राचे मोल दुसरीकडे आहे. त्याच 2020 च्या कामात 14-3-3 या प्रथिनाला 3 ते 19 नॅनोमोलर इतक्या बळाने (आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट) चिकटणारी पेप्टाइडे सापडली आणि त्यांत बीटा अमिनो आम्ले होती. पेशीची यंत्रणा अशी आम्ले स्वतःहून वापरत नाही. स्फटिकरचनेत तर दिसले, की महत्त्वाचा एक संपर्क साधायला बीटा आम्लाचीच मदत झाली होती. उजव्या घडणीच्या, म्हणजे डी अमिनो आम्लांच्या पेप्टाइडांचेही असेच. प्रथिने तोडणारी शरीरातील विकरे त्यांना सहसा दाद देत नाहीत. फाजच्या साहाय्याने ती शोधायची तर आधी लक्ष्य प्रथिनाचीच आरशातली प्रतिमा रसायनाने घडवावी लागते, आणि मोठ्या प्रथिनांच्या बाबतीत हे काम जिकिरीचे आहे. मास स्पेक्ट्रोमेट्रीला त्याची गरजच नाही. डी पेप्टाइडांचा संग्रह थेट नैसर्गिक प्रथिनासमोर ठेवता येतो.

वाचनातल्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन यांचे वस्तुमान एकच, म्हणून संग्रह रचतानाच त्यांतले एक गाळणे शहाणपणाचे. लायसीन व ग्लुटामीन यांच्यात फरक आहे तो केवळ 0.036 डाल्टनचा. त्याहून मोठी डोकेदुखी खोट्या यशाची. प्रथिन धरून ठेवण्यासाठी कणांवर स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेले असते, आणि हिस्टिडीन-प्रोलीन-ग्लुटामीन हा क्रम असलेली पेप्टाइडे त्यालाच चिकटतात.

चिकटले म्हणजे काम झाले, असेही नाही. कोरोनाच्या स्पाइक प्रथिनासाठी 2021 मध्ये ऐंशी कोटी पेप्टाइडे चाळून पेंटेल्यूट यांच्याच गटाने 80 ते 970 नॅनोमोलर बळाची तीन पेप्टाइडे मिळवली. पण विषाणू पेशीवरच्या ज्या एसीई2 ग्राहीला धरतो, त्याच्याशी त्यांची स्पर्धा नव्हती. त्यांचा उपयोग निदानचाचणीत किंवा औषध विषाणूपर्यंत पोचवण्यात होऊ शकतो, हे लेखकांनी स्पष्ट लिहिले. असा स्पष्टपणा सर्वत्र दिसायला हवा.

म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्यांना एक विनंती. शोधनिबंधात संग्रहाचा आकार जरूर द्या, पण त्यासोबत यंत्राने सुचवलेल्यांपैकी किती पेप्टाइडे नव्याने बनवून तपासली, किती फसली आणि रिकाम्या कणांना किती चिकटली, हेही छापा. चिकटणाऱ्या रेणूंची रचना संगणकावर करू पाहणाऱ्यांना त्या फसलेल्या क्रमांची गरज यशस्वी क्रमांइतकीच आहे.