पडलेला पाऊस आणि न पडलेला पाऊस : व्हिडिओ गेममधील पर्जन्यचित्रणाचा कोरडवाहू प्रदेशातून केलेला विचार

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, पाऊस, वादळ, दुष्काळ, कोरडवाहू शेती, मराठवाडा, धोंडी.

प्रस्तावना :

पाऊस हा मराठी साहित्यसमीक्षेचा जुना विषय आहे. कविता, लोकगीते आणि ग्रामीण कथा-कादंबऱ्या यांतील पावसाची चर्चा आपण वर्गात वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. मात्र आजचा विद्यार्थी पावसाला आणखी एका माध्यमात भेटतो आणि त्या माध्यमाची दखल आपण फारशी घेत नाही. ते माध्यम म्हणजे व्हिडिओ गेम.

या लेखाला एक प्रसंग कारणीभूत झाला. देशातील १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये ऑगस्ट २०२३ हा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जळकोट परिसरातही सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने दीर्घ ओढ दिली होती. त्या दिवसांत तासिका संपल्यावर एक विद्यार्थी वऱ्हांड्यात बसून मोबाइलवर 'स्टारड्यू व्हॅली' खेळत होता. काय चालले आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, इथं उद्याचा पाऊस टीव्हीवर सांगतात आणि तो येतोच." हे वाक्य त्याने सहज उच्चारले असले, तरी एका समीक्षकाला पुरेल एवढे ते मोठे आहे. गेममधील संस्मरणीय पाऊस नेमका कोणता आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून पाहिल्यास त्यात काय कमी पडते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. वातावरण म्हणून पाऊस :

गेममधील पावसाचा पहिला उपयोग वातावरणनिर्मितीचा आहे. निन्टेन्डोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : अ लिंक टू द पास्ट' (१९९१) या गेमचा आरंभ भर पावसाच्या रात्री होतो. नायक झोपेतून जागा होतो, त्याचा काका तलवार घेऊन बाहेर पडतो आणि पाठोपाठ नायकही अंधारात निघतो. राजकन्या सुखरूप देवालयात पोहोचेपर्यंत हा पाऊस थांबत नाही. म्हणजे संकट संपते तेव्हाच आभाळ मोकळे होते. निसर्गाला मनःस्थितीचे रूप देण्याची ही रीत आपल्या काव्यपरंपरेला अपरिचित नाही.

'हेवी रेन' (२०१०) या गेममध्ये हीच रीत अधिक गंभीर होते. तेथील खुनी लहान मुलांना पावसाच्या पाण्यात बुडवून मारतो. त्यामुळे प्रकरणागणिक पडद्यावर उमटणारा पर्जन्यमापनाचा आकडा ही केवळ सजावट राहत नाही. प्रत्येक इंचागणिक एका मुलाचा श्वास कमी होत असल्याची जाणीव खेळाडूला होते. पर्जन्यमापकावरील आकड्यात माणसाचा जीव अडकलेला असतो, हे मराठवाड्याच्या वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे तो आकडा वाढण्याचीही भीती असते आणि न वाढण्याचीही.

२. अडथळा आणि अर्थ म्हणून पाऊस :

पाऊस केवळ दिसत नाही, तर खेळाडूच्या हालचालीवर परिणाम करतो, तेव्हा हे माध्यम कथा-कवितेपासून वेगळे होते. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मध्ये पाऊस आला की कडा निसरडा होतो, चढणारा नायक घसरतो, पेटलेली आग विझते. गडगडाट सुरू झाल्यावर अंगावरील धातूच्या शस्त्रातून ठिणग्या उडू लागतात. ते शस्त्र वेळीच उतरवून ठेवले नाही, तर वीज कोसळते. ज्या भागात दरवर्षी विजेने शेतकरी, मजूर आणि जनावरे दगावतात, त्या भागातील तरुणाला हा नियम तत्काळ समजतो. मात्र गेममधील वीज आधी ठिणग्यांचा इशारा देते. शेतात इतकी सवलत मिळत नाही.

'रेन' (२०१३) मधील अदृश्य मुलाची आकृती पावसात भिजल्यावरच दिसते. आडोशाला गेला की तो पुन्हा नाहीसा होतो. 'डेथ स्ट्रँडिंग' (२०१९) मध्ये पावसाचा थेंब ज्याला स्पर्श करतो त्याचे वय झपाट्याने वाढवतो आणि वाहून नेलेल्या मालाची पेटी गंजते. या दोन्ही गेममध्ये पावसाला स्वतःचा अर्थ आहे. पाऊस काढून टाकला तर गेम उरत नाही. संस्मरणीयतेची ही खरी कसोटी मानता येईल.

३. वरदान म्हणून पाऊस :

शेतीविषयक गेमकडे वळल्यावर चित्र पालटते. जपानमध्ये १९९६ साली आलेल्या 'हार्वेस्ट मून'ने या प्रकाराचा पाया घातला आणि त्यापासून प्रेरणा घेऊन एरिक बॅरोन यांनी एकहाती तयार केलेला 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पाऊस पडला की झारीने पाणी घालण्याचे कष्ट वाचतात. दूरचित्रवाणीवरील उद्याचा अंदाज चुकत नाही. उन्हाळ्यातील १३ आणि २६ तारखेची वादळे तर कायमची ठरलेली आहेत. वीज पिकावर पडू शकते. परंतु वीजरोधक उभारल्यास त्याच विजेपासून उपयोगाची वस्तू मिळते. पाणी न मिळालेले रोप मरत नाही, त्या दिवसापुरती त्याची वाढ थांबते. तळे नेहमी भरलेले असते.

'फार्मिंग सिम्युलेटर' ही मालिका यंत्रांच्या तपशिलात अतिशय काटेकोर आहे. पाऊस सुरू असताना तेथे कापणी थांबवावी लागते. २०२४ च्या आवृत्तीत तर गारपीटही आली आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने मराठवाड्यातील उभी रब्बी पिके झोडपली होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही भर महत्त्वाची वाटेल. तथापि या मालिकेतील पीक मुळात पावसावर वाढत नाही. पाऊस तेथे कामात व्यत्यय आणणारा पाहुणा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. दिवसभर रानात राबलेल्या मुलाने मनोरंजनातही दुष्काळच का भोगावा? हा आक्षेप रास्त आहे. खात्रीच्या पावसाचा आनंद खोटा नाही, ती एक इच्छा आहे आणि इच्छेला कलेत स्थान असतेच. परंतु हे गेम 'शेतीचे जीवन' म्हणून ओळखले जातात, तेव्हा त्यांतील शेती ही बारमाही पाण्याच्या प्रदेशाची आहे, हे सांगणे समीक्षेचे काम ठरते.

४. दुष्काळाचे मोजके गेम :

न पडणारा पाऊस गेममध्ये अगदीच नाही असे नाही. 'सिव्हिलायझेशन ६'च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' (२०१९) या विस्तारात महापूर, वादळे आणि अवर्षण आहे. मात्र खेळाडू तेथे राज्यकर्ता असल्याने दुष्काळ नकाशावरून दिसतो, विहिरीच्या काठावरून दिसत नाही. २०२१ पासून उपलब्ध झालेल्या 'टिंबरबॉर्न' मध्ये पाणथळ जागी राहणारे बीव्हर हे प्राणी बंधारे बांधून कोरड्या काळासाठी पाणी साठवतात. पाणलोटाचे तत्त्व शिकवणारा याहून चांगला गेम प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. तरीही तेथे दुष्काळ सूचना देऊन येतो आणि पुरेसे बांधणाऱ्याला तारून नेतो. श्रमाला फळ मिळते, हा करार मोडत नाही.

मराठवाड्याचा अनुभव याच करारापाशी वेगळा होतो. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जळकोटच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात ऑगस्ट २०२५ मध्ये एका रात्रीच्या अतिवृष्टीने लेंडी प्रकल्पालगतची गावे पाण्याने वेढली गेली. दहा वर्षांच्या आत, एकाच पट्ट्यात, ही दोन्ही टोके अनुभवास आली. अशा ठिकाणी 'आठवणीतला पाऊस' म्हटल्यावर अनेकदा न आलेला किंवा अवेळी आलेला पाऊसच आठवतो.

५. आपल्याकडील पावसाचा खेळ :

या अनुपस्थितीला खेळाचे रूप देता येत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या खेड्यांत ते रूप पूर्वीपासून आहे. पावसाने ओढ दिली की मुले धोंडी काढतात. एका मुलाच्या अंगाला लिंबाचा पाला बांधतात, त्याला घरोघर नेतात, पाऊस मागतात. प्रत्येक घरची बाई त्याच्या डोक्यावर पाणी ओतते आणि मुलांना धान्य वा पीठ देते. येथे भूमिका आहेत, साहित्य आहे, नियम आहेत. केवळ निकाल खेळणाऱ्याच्या हाती नाही. घरात पाणी कमी असताना तांब्याभर पाणी ओतून टाकायचे, यात त्या खेळाचा सर्व ताण साठलेला आहे. धोंडीने पाऊस येत नसेल. परंतु वाट पाहणे एकट्याचे राहत नाही.

पंचांगातील नक्षत्रांची वाहने हाही असाच एक नियमसंच आहे. बेडूक, म्हैस, हत्ती ही वाहने असली की चांगल्या पावसाची आशा धरायची, अशी समजूत आहे. शास्त्रीय दृष्ट्या त्याला आधार नाही. पण अनिश्चिततेला आकार देण्याची ती रीत आहे. पेरणीचा निर्णय तर गेमकर्त्याला आयताच मिळालेला पेच आहे. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग सांगतो. शेजाऱ्याची तिफण चालू झालेली असते, बियाण्याचे पैसे एकदाच उभे राहिलेले असतात, ओल हातभर गेली की वीतभर हे पुरते कळत नाही. थांबावे तर हंगाम जातो, पेरावे तर दुबार पेरणीची टांगती तलवार. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम पुराणकथांच्या आधारे तयार केला. त्याच महाराष्ट्रात हा पेचही गेमचा विषय होऊ शकतो.

निष्कर्ष :

१. व्हिडिओ गेममधील पाऊस वातावरण, अडथळा आणि वरदान अशा तीन रूपांत आढळतो. यांपैकी खेळाडूला निर्णय घ्यायला लावणारा पाऊस अधिक संस्मरणीय ठरतो.

२. येथे पाहिलेले शेतीविषयक गेम पाण्याची खात्री गृहीत धरतात. त्यामुळे कोरडवाहू शेतीचा मूळ अनुभव, म्हणजे प्रतीक्षा, त्यांच्या बाहेर राहतो.

३. दुष्काळ दाखवणारे गेमही तो नियोजनाने जिंकता येणारी परीक्षा म्हणून मांडतात.

४. धोंडीसारख्या लोकपरंपरेत निकाल हाती नसतानाही खेळता येते, हा विचार आधीच अस्तित्वात आहे. गेमच्या अभ्यासकांनी व निर्मात्यांनी त्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

मराठीच्या अध्यापकांनी हे माध्यम संगणक विभागाचा विषय म्हणून सोडून देऊ नये, असे शेवटी सुचवावेसे वाटते. आपल्या विद्यार्थ्याच्या एका हातात आभाळाचा अंदाज चुकत नसलेले शेत आहे आणि सुटीच्या दिवशी तो ज्या शेतात खुरपायला जातो ते दुसरे. दोन्ही शेतांविषयी त्याच्याशी बोलता येईल अशी भाषा आपल्याजवळ असली पाहिजे.