उंबऱ्याबाहेरचे चोखोबा

आषाढी एकादशीस कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून नंदवाळकडे दिंडी निघते. मंगळवार पेठेतील त्या टाळगजरात चोखोबांचे अभंगही असतात. गाणाऱ्यांच्या भावनेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. आमचे म्हणणे आहे ते चोखोबांवर भाष्य करणाऱ्यांविषयी.

या भाष्यांचा साचा ठरलेला आहे. चोखोबा विठ्ठलाशी एकरूप झाले, त्या ऐक्यात जातीचे दुःख विरून गेले, असे सांगून भाष्यकार मोकळे होतात. चोखोबांच्या मृत्यूची कथा पाहा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि मजुरांसह ते गाडले गेले. हा काळ शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मानला जातो. त्यांच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्यावरून नामदेवांनी त्या ओळखल्या व पंढरपुरी महाद्वारासमोर समाधी दिली, ही आख्यायिका सर्वत्र रंगवून सांगितली जाते. परंतु ज्याला गावकुसाबाहेर राहणे भाग होते, त्याचा जीव तेच गावकूस बांधताना जावा, या गोष्टीकडे भाष्यकारांचे लक्ष जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विषयात दोन गोष्टी केल्या आणि त्या एकत्र वाचावयास हव्यात. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या प्रबंधाच्या १९३७ च्या आवृत्तीत गांधीजींना उत्तर देताना त्यांनी बजावले की, संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला, माणसामाणसांतील झगड्याचा नव्हे. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. काहींना यात विसंगती दिसते. आम्हांस ती दिसत नाही. अर्पणपत्रिकेत भक्तीबरोबर सद्गुणांचाही निर्देश आहे. आदर माणसाच्या शीलाचा आहे. त्याच्या तत्त्वज्ञानास ती संमती नव्हे.

आणि संमती देता येण्यासारखे ते तत्त्वज्ञान नाहीच. पूर्वजन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून हा जन्म आला, अशा आशयाचा अभंग चोखोबांच्या नावावर आहे. तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याच घरात सोयराबाई विचारतात की, देहच विटाळातून घडला असेल तर सोवळा तो कोण? पुत्र कर्ममेळा तर उष्टे खाण्याच्या जिण्याबद्दल देवालाच जाब विचारतो. एका कुटुंबातील हा वाद आमच्या मते या गाथेचा खरा ऐवज होय. भाष्यकार मात्र सोयराबाईंना 'चोखोबांची पत्नी' एवढ्यावर संपवितात.

सोयराबाईंचा प्रश्न बौद्ध वाचकास अनोळखी वाटणार नाही. अस्सलायनसुत्तात तथागत ब्राह्मण तरुणास हेच विचारतात की, ब्राह्मणस्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच प्रसवत असता श्रेष्ठत्व आले कोठून? प्रश्न जवळचा, उत्तराच्या दिशा वेगळ्या. सोयराबाईंचा प्रश्न विठ्ठलाच्या चरणी जाऊन थांबतो. तथागतांचे उत्तर आचरणाकडे वळते.

येथे थेरगाथेतील सुनीत थेरांचे स्मरण होते. बाबासाहेबांनीही त्यांची कथा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. नीच मानलेल्या कुळात जन्मलेले, वाळलेली फुले झाडून पोट भरणारे सुनीत मगधात भगवंतांना पाहतात, खांद्यावरची कावड खाली ठेवतात आणि प्रव्रज्या मागतात. ती तेथल्या तेथे मिळते. पुढे इंद्र आणि ब्रह्मा त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहतात, असे गाथा सांगते. देव येथे झाडूवाल्यास वंदन करावयास आले आहेत! चोखोबांची प्रतिभा सुनीतांहून उणी होती असे कोण म्हणेल? सुनीतांना संघ मिळाला. चोखोबांना समाधी मिळाली, तीही उंबऱ्याबाहेर. पंढरपूरचे ते दार अस्पृश्यांस उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

विहारांतील अभ्यासवर्गांत थेरगाथा वाचली जाते. तिच्या शेजारी सोयराबाई व कर्ममेळा यांचे अभंग ठेवून ते ओळीओळीने वाचावेत, अशी आमची सूचना आहे. सकलसंतगाथेत ते उपलब्ध आहेत.