लव्हाळ्याच्या विणीतील विद्या

दक्षिण ऑस्ट्रेलियातील नॅरिंजेरी स्त्रिया लव्हाळ्याची वेटोळी टाक्यांनी सांधून टोपल्या व चटया विणीत. ही कला मावळत असता १९८२ साली इव्हॉन कूलमॅट्री यांनी ज्येष्ठ विणकर डोरोथी कार्टिनयेरी यांजकडून ती शिकून घेतली. १९९७ मध्ये त्यांची कामे व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. परंतु कूलमॅट्री यांनी विणलेल्या, वाम मासा धरण्याच्या सापळ्याकडे निव्वळ शिल्प म्हणून पाहणे अपुरे होय. त्याचा आकार माशाच्या वाटेने ठरला आहे आणि वीण गुरूच्या हाताने. संग्रहालयातील नमुना आकृती जपतो. टाका किती ओढावा, हे हातच हाताला शिकवितो. म्हणून अशा संशोधनाची कसोटी नोंदींच्या संख्येत नसून, नवे विणणारे हात घडणे आणि लव्हाळ्याची पाणथळ भूमी टिकणे, यांतच आहे.