बनगरवाडी

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांची लघुकादंबरी (१९५५). औंध संस्थानातील धनगरवस्तीवर शाळा चालवावयास आलेला तरुण मास्तर राजाराम हा तिचा निवेदक. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद माणदेशी बोलीत. मास्तर व वाडी यांतील अंतर या दुपेडी भाषेतूनच जाणवते. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू ही माणसे वर्णनापेक्षा बोलण्याच्या ढंगातून उभी राहतात. शेकूची बायको बैलाच्या जोडीने स्वतःला जुंपून घेते, तेथेही लेखक भावविवश होत नाही. वाडी हीच नायक, हा रूढ अभिप्राय खरा. पण त्यामुळे मास्तराच्या घडणीकडे दुर्लक्ष होते. राम देशमुखांनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला (१९५८). मात्र बोलीचे हे अंतर परभाषेत राखणे अवघडच.