चित्रणाची प्रत आणि पडताळणी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
लोककला, मौखिक इतिहास, बोलींचा अभ्यास अशा क्षेत्रांतील संशोधनात टिपणवहीच्या जोडीला व्हिडिओ कॅमेरा येऊन आता बराच काळ लोटला आहे. कॅमेऱ्यात फीत होती तोवर चित्रण आणि ते धारण करणारी वस्तू यांत भेद नव्हता. फीत भरली की तिच्यावर नाव-तारीख घालून ती कपाटात ठेवली जाई. मेमरी कार्ड आल्यावर हा क्रम मोडला. कार्ड पुन्हा वापरावयाचे असते. म्हणून त्यातील चित्रण हार्ड डिस्कवर उतरविले जाते आणि कार्ड पुसले जाते. मूळ प्रत स्वतःच्या हाताने नष्ट करणे हा अशा रीतीने कामाचाच एक भाग होऊन बसला. ज्या वृद्ध गोंधळ्याचे आख्यान टिपले तो पुढील वर्षी हयात असेलच असे नाही. मग कार्ड पुसण्याचा निर्णय कशाच्या भरवशावर घ्यावयाचा? हा भरवसा देऊ पाहणाऱ्या सॉफ्टवेअरची आणि त्याच्या मर्यादांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पडताळणीचे स्वरूप :
संगणकाच्या नेहमीच्या 'कॉपी-पेस्ट' प्रक्रियेत फाईल एका ठिकाणी वाचली जाते व दुसऱ्या ठिकाणी लिहिली जाते. लिहिलेले पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहण्याचे काम त्यात होत नाही. सैल केबल किंवा सदोष कार्ड रीडर यामुळे मधला एखादा अंश बिघडला तरी फाईलचे नाव आणि आकार तोच राहू शकतो. चित्रपट व्यवसायात वापरली जाणारी शॉटपुट प्रो, सिल्व्हरस्टॅक, हेज (पुढील नाव ऑफशूट) ही सॉफ्टवेअर येथे उपयोगी पडतात. ती कार्डावरील प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे तिच्या संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली एक छोटी खूण, नोंदवितात. प्रत तयार झाल्यावर तिचीही खूण काढतात आणि दोन्ही जुळल्या तरच काम पूर्ण झाल्याचे दाखवितात. एमडी५ या पद्धतीत ही खूण ३२ अक्षरांची असते. एक्सएक्सहॅश ही पद्धत वेगवान असल्याने मोठ्या चित्रणासाठी ती अधिक पसंत केली जाते. २००४ मध्ये दोन भिन्न मजकुरांची एमडी५ खूण एकच येऊ शकते हे दाखवून देण्यात आले, तेव्हापासून ही पद्धत टाकाऊ मानण्याकडे काहींचा कल दिसतो. ही घाई होय. तो दोष बुद्धिपुरस्सर केलेल्या बनावटीच्या संदर्भातला आहे. केबलच्या दोषाला बनावट करता येत नाही.

त्याहून गंभीर अडचण वेगळीच आहे. प्रत केल्याबरोबर ती पुन्हा वाचावयास सांगितली, तर संगणक ती डिस्कवरून न वाचता स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतून वाचून दाखवू शकतो. मग पडताळणी होते ती संगणकाच्या आठवणीची, डिस्कची नव्हे. चांगली सॉफ्टवेअर ही वाट टाळतात. वापरणाऱ्याला मात्र दोहोंकडे हिरवी खूण सारखीच दिसते.

सारखेपणा आणि निर्दोषपणा :
हिरवी खूण 'सारखी' एवढेच सांगते, वाचणारा तिचा अर्थ 'सुरक्षित' असा लावतो. लेखातील मुख्य आक्षेप या अर्थांतरावर आहे. पॅनासॉनिकच्या पी२ कार्डाचे उदाहरण पाहावे. त्यातील 'कंटेंट्स' या फोल्डरमध्ये चित्र आणि ध्वनी यांच्या फाईली वेगवेगळ्या उपफोल्डरांत असतात. कोणी 'व्हिडिओ' एवढाच उपफोल्डर उचलला तर सॉफ्टवेअर त्याची तंतोतंत प्रत करील, प्रत्येक खूण जुळेल आणि आख्यान मुके होईल. सबंध कार्ड जसेच्या तसे उतरविण्याचा दंडक यासाठीच आहे. तसेच चित्रण कार्डावरच बिघडले असेल, तर बिघाडाचीही निर्दोष प्रत निघते.

मराठी अभ्यासकाला हा भेद नवा नाही. हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवीत असत की जसे पाहिले तसे उतरविले, शुद्धाशुद्धाचा दोष आपल्याकडे नाही. चेकसमची प्रतिज्ञा याहून मोठी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा समोरची पोथी तरी बरोबर आहे काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता, आणि तो नक्कल करणाऱ्याला पडतच नाही. चित्रपटातही हेच घडले आहे. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची पहिली व शेवटची अशी रिळे तेवढी उरली. फाळके यांनी १९१७ मध्ये त्याच कथेवर पुन्हा चित्रपट केला होता. उरलेली रिळे मूळ चित्रपटाची की नंतरच्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. या रिळांच्या कितीही निर्दोष प्रती काढल्या तरी त्यातून निर्णय मिळणार नाही. चित्रण कोणाचे, कोठले, केव्हाचे, ही नोंद त्याच दिवशी माणसाने करावयाची असते.

क्षणाची हमी :
पडताळणी ज्या क्षणी झाली त्या क्षणापुरतीच हमी देते. पिक्सार या संस्थेत १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' चे काम चालू असताना चुकीची आज्ञा दिली गेल्याने चित्रपटाच्या सुमारे ९० टक्के फाईली पुसल्या गेल्या. बॅकअप होता, परंतु तो काही काळ नीट होतच नव्हता, आणि तो उघडून पाहिला नसल्याने कोणाच्या ध्यानी आले नव्हते. पर्यवेक्षक तंत्रदिग्दर्शिका गॅलिन सुसमन घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिच्यावरून काम सावरले. ही कथा नेहमी दैवयोग म्हणून सांगितली जाते. तीत खरे लक्षणीय आहे ते पुढचे : घरची प्रत आणि अन्य अवशेष यांतील फाईली माणसांनी तपासून जुळविल्या. (चित्रपटाचे बरेचसे पुढे नव्याने रचले गेले, ही गोष्ट वेगळी.)

काळाचा खर्चही नजरेआड होतो. अमेरिकेतील ॲकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेने २००७ मधील 'द डिजिटल डायलेमा' या अहवालात एका चित्रपटाची ४के डिजिटल मूळ प्रत सांभाळण्याचा वार्षिक खर्च १२,५१४ डॉलर, तर फिल्मवरील प्रतीचा १,०५९ डॉलर दाखविला होता. हे आकडे त्या वेळचे आहेत. पण त्यामागचे कारण टिकून आहे. साधने पालटतात. एलटीओ-८ चे यंत्र एलटीओ-७ ची टेप वाचते, एलटीओ-६ ची वाचीत नाही. त्यामुळे प्रत एकदा करून ठेवून भागत नाही, ती दर काही वर्षांनी नव्या साधनावर न्यावी लागते आणि प्रत्येक वेळी पडताळणी पुन्हा करावी लागते. अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सच्या एमएचएल या नोंदपद्धतीत प्रतीच्या प्रत्येक पिढीची खूण चित्रणासोबतच राहते, हा तिचा मोठा गुण मानावा लागेल.

राहता राहिला जागेचा प्रश्न. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेल्या ३-२-१ या नियमानुसार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. जागेची अट कशासाठी, हे त्यावरून कळते. विभागाच्या कपाटात एकाच खणात ठेवलेल्या दोन हार्ड डिस्क, दोन्हींवरील खुणा जुळत असल्या तरी, या हिशेबात एकच प्रत ठरतात.