समायोजन की तुलना? : पंडिता रमाबाईंचे अमेरिका-वृत्त

परदेशवासातील मानसिक विस्थापनाची चर्चा बहुधा कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाच्या ‘सांस्कृतिक धक्का’ या संकल्पनेच्या आधारे होते. १९५४ मधील व्याख्यानात आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ओबर्गने हा अनुभव म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचा जणू व्यवसायजन्य विकार मानला. आरंभीची मोहिनी, मग वैताग, पुढे सावरणे आणि अखेर समायोजन अशा त्याच्या अवस्था कल्पिल्या. या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे : यजमान संस्कृती स्थिर असते, बदलायचे ते पाहुण्याने. पाहुण्याचा नकार मग बरे न झालेल्या दुखण्यासारखा भासतो. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या गृहीतकालाच छेद देते.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना त्यांच्या सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, अशी हरकत हिंदुस्थानातील बिशपांनी घेतली. ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या पत्रसंग्रहात (१९७७) या काळातील संघर्ष स्पष्ट दिसतो. धर्म स्वीकारला म्हणून इंग्रज धर्माधिकाऱ्यांची आज्ञाही शिरोधार्य मानावी, हे रमाबाईंना मान्य नव्हते. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा आग्रह धरला. ओबर्गच्या क्रमात ही दुसरी अवस्था ठरेल. परंतु येथे वैताग नाही, विवेक आहे : श्रद्धेचा गाभा कोणता आणि इंग्रजांची रूढी कोणती, याची ती निवड आहे.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. त्या वास्तव्यातून आलेला हा ग्रंथ लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया या सागरप्रवासाने सुरू होतो. पण लवकरच प्रवासी ‘मी’ मागे सरतो आणि राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ, व्यापार, स्त्रियांची स्थिती ही प्रकरणे पुढे येतात. प्रवासवर्णनाच्या रूढ निकषांवर हे रचनाशैथिल्य वाटेल. वस्तुतः तीच ग्रंथाची दृष्टी आहे. परक्या समाजाने आपले काय केले, यापेक्षा तो समाज कसा चालतो, हा प्रश्न लेखिकेला महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच स्त्रियांच्या संघटनांचे मनःपूर्वक कौतुक करणारी ही लेखणी मूलनिवासींवरील अन्याय आणि वर्णद्वेष यांविषयी गप्प बसत नाही. धक्क्याचे येथे तुलनेत रूपांतर होते, आणि त्या तुलनेत यजमानही तपासला जातो.

मात्र या रूपांतराची किंमत आहे. इंग्लंडमधील ताण इंग्रजी पत्रांत राहिला. मराठी ग्रंथाचा विषय झाली ती अमेरिका. धर्मांतरामुळे दुरावलेल्या वाचकांपुढे आणि शारदा सदनाच्या उभारणीच्या काळात रमाबाई लिहीत होत्या. परदेशात आपण एकाकी पडलो, अशी कबुली विरोधकांच्या हाती आयते शस्त्र देणारी ठरली असती. अमेरिकेचे चित्र काही ठिकाणी अधिक उजळ झाले आहे, त्याचेही एक कारण येथे सापडते. शिवाय आनंदीबाई जोशींच्या बाबतीत हाच अनुभव थेट शरीरावर उमटला : थंडीत लुगडे कसे नेसावे इथपासून प्रश्न होते, आणि पदवीनंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचा अंत झाला. तुलनेची तटस्थता प्रत्येकीला उपलब्ध नव्हती.

त्यामुळे रमाबाईंच्या ग्रंथाला केवळ आत्मविश्वासाचा दस्तऐवज मानणे अपुरे आहे. पत्रे आणि ग्रंथ एकत्र वाचले, तरच ग्रंथातील मौनाचा अर्थ लागतो. सांस्कृतिक धक्क्याची संकल्पना अनुभवाच्या अवस्था सांगते. तो अनुभव कोणत्या भाषेत, कोणापुढे आणि कोणत्या हेतूने सांगितला गेला, हे ती विचारत नाही. मराठी प्रवासवाङ्मयाच्या समीक्षेने विचारायला हवा तो हाच प्रश्न.